भरलेला फॉर्म कोरा का छापून येतो? पीडीएफ फॉर्म भरताना या चुका टाळा

स्क्रीनवर दिसणारा फॉर्म, फाइलमध्ये साठलेला फॉर्म आणि कागदावर उतरणारा फॉर्म ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. घोटाळे बहुतेक वेळा एकातून दुसऱ्यात जाताना होतात. दादर-अंधेरीला स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सवाल्यांना “अहो, घरी सगळा भरला होता, इथे कोरा कसा?” हा प्रश्न नवा नाही. दोष प्रिंटरचा क्वचितच असतो.

भरायला बसण्याआधी फाइल कुठे आहे ते बघा

व्हॉट्सॲपवर आलेला किंवा झिपमध्ये मिळालेला फॉर्म लोक थेट डबल-क्लिक करून उघडतात आणि भरत सुटतात. झिपमधून उघडलेली फाइल ही तात्पुरत्या फोल्डरमधली प्रत असते. तुम्ही ‘सेव्ह’ दाबलंत तरी बदल त्या प्रतीत जातात. मूळ झिप कोरीच राहते आणि तात्पुरतं फोल्डर पुढे केव्हातरी साफ होतं. म्हणून आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, मग फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये, मग भरायला सुरुवात. ॲक्रोबॅट रीडरमध्ये (पीडीएफ उघडायचं ॲडोबीचं ॲप) वर पिवळी पट्टी आली आणि टाइपच होत नसेल, तर फाइल संरक्षित अवस्थेत उघडली आहे. ती खात्रीच्या ठिकाणाहून आली असेल तर पट्टीवरचं ‘एनेबल ऑल फीचर्स’ दाबा.

फाइलचं नाव त्याच वेळी बदला. एकच फॉर्म तीनदा डाउनलोड झाला की नावापुढे कंसात एक, दोन असे आकडे लागतात आणि घाईत कोरी प्रत अपलोड होते. नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, कंस आणि मोकळ्या जागा न ठेवता द्या. काही पोर्टलं देवनागरी नावाची किंवा कंसवाली फाइल घेत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत.

ब्राउझरमध्ये भरलं आणि सेव्ह केलं, पण कोणतं?

क्रोममध्ये फॉर्म भरून वरचा डाउनलोडचा बाण दाबला की दोन पर्याय येतात: ‘विथ युवर चेंजेस’ आणि ‘विदाउट युवर चेंजेस’. दुसरा दाबला की कोरा फॉर्म खाली उतरतो. टॅब बंद केला की भरलेलं गेलं. हा प्रश्न न वाचता क्लिक करणारे पुष्कळ आहेत.

सेव्ह झालंय की नाही हे त्याच खिडकीत बघून कळत नाही. फाइल पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा. जमलं तर दुसऱ्या ॲपमध्ये किंवा फोनवर उघडून बघा. ही एवढी तपासणी केली तरी निम्मा मनस्ताप वाचतो.

फॉर्म उघडल्यावर पानभर इंग्रजीत ‘प्लीज वेट’ असा मजकूर दिसतो आणि कितीही थांबलं तरी पुढे काही होत नाही, असाही एक प्रकार आहे. फाइल बिघडलेली नसते. तो फॉर्म एक्सएफए या जुन्या पद्धतीने बनवलेला असतो आणि बहुतेक ब्राउझरांना व फोनवरच्या ॲपना ती पद्धत कळत नाही. २०१७ साली आलेल्या पीडीएफ २.० या मानकात ती बादच केली आहे, पण जुने फॉर्म अजून फिरतायत. अशी फाइल डाउनलोड करून कॉम्प्युटरवरच्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. फोनवर प्रयत्न करत बसू नका.

घरी दिसतं, दुकानात दिसत नाही

मुख्य दुखणं हे आहे. पीडीएफ फॉर्मच्या प्रत्येक रकान्यात दोन गोष्टी साठतात: तुम्ही भरलेला मजकूर, आणि तो पानावर कसा दिसेल याचं चित्र. काही ॲप मजकूर साठवतात पण चित्र तयार करत नाहीत. मग ज्या ॲपमध्ये भरलं तिथे सगळं ठीक दिसतं, दुसरीकडे रकाने मोकळे. ओळखायची खूण सोपी आहे: रिकाम्या दिसणाऱ्या रकान्यात क्लिक केलं की मजकूर उगवतो आणि बाहेर क्लिक केलं की पुन्हा गायब होतो. म्हणजे माहिती शाबूत आहे, चित्र नाही.

अशा वेळी फाइल कॉम्प्युटरवर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून बघा. तिथे मजकूर दिसत असेल तर एखाद्या रकान्यात जागा टाकून खोडा, टॅब दाबून बाहेर या आणि ‘सेव्ह ॲज’ करा. रीडर बहुधा चित्र नव्याने बनवतो. त्याहून पक्का मार्ग म्हणजे ज्या ॲपमध्ये सगळं नीट दिसतं तिथूनच प्रिंट द्या आणि प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ किंवा ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडा. त्यातून निघालेल्या फाइलमध्ये रकाने उरत नाहीत, मजकूर पानाचाच भाग होतो. दुकानात द्यायची ती हीच प्रत. भरता येणारी प्रत मात्र वेगळ्या नावाने जपून ठेवा, कारण छापायच्या प्रतीत नंतर पिनकोडचा एक आकडाही बदलता येत नाही.

मुंबईचा पत्ता आणि रकान्याच्या कोपऱ्यातलं अधिकचं चिन्ह

‘बी/४०४, अमुक को-ऑप. हौ. सो. लि., तमुक क्रॉस रोड, स्टेशनजवळ, कांदिवली पूर्व, मुंबई ४००१०१’ एवढा पत्ता एका रकान्यात बसत नाही. टाइप करताना मजकूर सरकत जातो म्हणून बसल्यासारखा वाटतो. बाहेर आलं की ॲक्रोबॅटमध्ये रकान्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीकसं अधिकचं चिन्ह दिसतं. त्याचा अर्थ, आत अजून मजकूर आहे आणि तो दिसत नाही. कागदावर जेवढा दिसतो तेवढाच छापला जातो. बहुतेक वेळा पिनकोड कापला जातो, कारण तो शेवटी असतो. सोसायटीचं नाव आखूड करा, ‘स्टेशनजवळ’सारख्या खुणा गाळा, दुसरी ओळ असेल तर ती वापरा. फ्लॅट क्रमांक, रस्ता आणि पिनकोड गाळू नका.

एकेक अक्षराचे चौकोन असतील तिथे कमाल अक्षरं ठरलेली असतात. लांब नाव पेस्ट केलं तर जादा अक्षरं मुकाट कापली जातात. चौकोनांचे रकाने हाताने टाइप करा.

पहिल्या पानावर नाव लिहिताच तिसऱ्या पानावर आपोआप आलं तर घाबरू नका, फॉर्म करणाऱ्याने दोन्ही रकान्यांना एकच आतलं नाव दिलेलं असतं. पण संयुक्त अर्जदारांच्या फॉर्ममध्ये हाच प्रकार नडतो: दुसऱ्याचा फोन नंबर लिहायला गेलात की पहिल्याचाही बदलतो. त्यावर भरणाऱ्याकडे इलाज नाही. असे जोडलेले रकाने दोन्ही अर्जदारांसाठी मोकळे सोडा आणि छापल्यावर काळ्या पेनने लिहा.

मराठी मजकूर

फॉर्म करताना रकान्याला जो फॉन्ट दिला असेल त्यात देवनागरी नसेल, तर अक्षरांऐवजी चौकोन येतात किंवा ऱ्हस्व इकार भलत्या अक्षराला चिकटतो. तपासायला ‘श्रीवर्धन’, ‘कऱ्हाड’, ‘ज्ञानेश्वर’, ‘ॲड.’ असे शब्द टाइप करून बघा. इथे मोडलं तर पुढेही मोडणार.

श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांच्या फाइलमधून मजकूर पेस्ट करू नका. तिथे पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत इंग्रजी खुणा असतात, त्यामुळे रकान्यात अगम्य अक्षरं उमटतात. युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा.

स्क्रीनवर नीट आणि कागदावर मात्रा तुटलेल्या, असं झालं तर प्रिंटच्या खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करा आणि ३०० किंवा ६०० डीपीआय (छपाईचा बारकावा, एका इंचात किती ठिपके) ठेवा. छपाईला वेळ लागतो, पण पान जसं दिसतं तसं उतरतं.

छपाई

कागदाचा आकार आधी बघा. ए-४ म्हणजे २१० × २९७ मिमी, लेटर म्हणजे साधारण २१६ × २७९ मिमी. सेटिंगमध्ये लेटर आणि ट्रेमध्ये ए-४ असेल तर फॉर्म एक तर आक्रसतो किंवा खालचा भाग कापला जातो, आणि सहीची जागा नेमकी खालीच असते. ‘लीगल’ साधारण ३५६ मिमी लांब असतो. तो ए-४ वर उतरवला की अक्षरं मुंगीएवढी होतात.

दुसरं, पान किती टक्के आकारात छापायचं ते. ‘फिट’ निवडलं की पान थोडं लहान होतं. ९४ टक्क्यांवर छापलेल्या फॉर्ममध्ये फोटोची ३५ × ४५ मिमीची चौकट सुमारे ३३ × ४२ मिमी होते आणि पासपोर्ट आकाराचा फोटो बाजूच्या मजकुरावर चढतो. बारकोड असलेला फॉर्म तर ‘ॲक्च्युअल साइज’ म्हणजे १०० टक्क्यांवरच छापा.

तिसरं, ॲक्रोबॅटच्या प्रिंट खिडकीतला ‘कॉमेंट्स अँड फॉर्म्स’ हा पर्याय. फॉर्मच्या रकान्यांऐवजी वरून टिपणी म्हणून मजकूर चिकटवला असेल तर ‘डॉक्युमेंट’ निवडल्यावर तो छापला जात नाही. ‘डॉक्युमेंट अँड मार्कअप्स’ हवं. उलट ‘फॉर्म फील्ड्स ओन्ली’ निवडलं तर फक्त तुमची उत्तरं छापली जातात, प्रश्न नाही. तो पर्याय आधीच छापील फॉर्म हातात असतो तेव्हासाठी आहे. रकान्यांमागचा निळसर रंग छापला जात नाही, त्याची काळजी नको.

डिजिटल सही असलेली फाइल

वर ‘प्रिंट टू पीडीएफ’चा उपाय सांगितला, तो इथे अजिबात वापरू नका. ई-आधार, डिजिटल सातबारा अशा फाइलींमधली सही हे नुसतं चित्र नसतं. पुन्हा पीडीएफ केली, पानं जोडली किंवा वेबसाइटवर आकार कमी केला की सही निकामी होते, चित्र तेवढं उरतं. अशी फाइल जशी उतरली तशीच अपलोड करा.

ई-आधारवर प्रश्नचिन्ह दिसतं म्हणून ते खोटं ठरत नाही. रीडरने सही तपासलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॉम्प्युटरवर ॲक्रोबॅट रीडरमध्ये सहीवर राइट-क्लिक करा, ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’, मग ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. तिथे दिसणाऱ्या प्रमाणपत्रांच्या साखळीत ‘सीसीए इंडिया’ (डिजिटल सह्यांची सरकारी नियंत्रक संस्था) आहे ना ते बघा, नसेल तर थांबा. असेल तर ‘ट्रस्ट’ टॅबमध्ये ‘ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’, ओके, आणि पुन्हा व्हॅलिडेट. हिरवी खूण आल्यावर प्रिंट काढा. ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो.

पाऊस आणि दुकानातला कॉम्प्युटर

जून ते सप्टेंबर मुंबईची हवा कागदात शिरते. उघडं रीम ओलावा धरतं, पानं वळतात, दोन-दोन ओढली जातात. रीम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. इंकजेटवर छापलेला फॉर्म एका थेंबाने पसरू शकतो, म्हणून पावसाळ्यात जमा करायचे कागद लेझरवरच छापा. सोसायटीच्या नामनिर्देशनाचा फॉर्म आदर्श उपविधींप्रमाणे तीन प्रतींत द्यायचा असतो. एकीवर सही करून दोन झेरॉक्स काढण्यापेक्षा तिन्ही छापून तिन्हींवर शाईने सही करा.

दुकानात फाइल दिलीत तर ती तिथल्या ‘डाउनलोड्स’मध्ये राहते. आधारची प्रत नुसती ओळखीसाठी हवी असेल तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या. प्रिंट निघाली की फाइल डिलीट करायला लावा, रीसायकल बिनमधूनही. व्हॉट्सॲप वेब तिथे उघडलं असेल तर फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन ते दुकानातून निघायच्या आधी लॉग-आउट करा.