मूर्तिपूजेपासून स्वतःला राखताना या चुका टाळा

मूर्तिपूजा म्हटले की आपल्या अनेक ख्रिस्ती घरांत बोट आधी शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे जाते, आणि पहिली चूक तिथेच होते. योहानाने आपल्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या वचनात मूर्तींपासून दूर राहण्याची ताकीद दिली ती मंडळीतल्या माणसांना. यहेज्केलाच्या 14व्या अध्यायात तर देव ज्यांच्या मनातल्या मूर्तींविषयी बोलतो, ते संदेष्ट्यासमोर वचन ऐकायला येऊन बसलेले इस्राएलाचे वडीलजन आहेत.

याहून खोल चूक म्हणजे मूर्ती केवळ वाईट गोष्टींचीच होते असे धरून चालणे. मोशेने रानात पितळी सर्प केला तो देवाच्याच आज्ञेने, आणि त्याकडे पाहून सर्पदंश झालेले लोक वाचले. परंतु कित्येक शतकांनंतर लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (2 राजे 18:4). इस्राएलाचा पुढारी गिदोन याने राजपद नाकारले, हे त्याचे मोठेपणच. पण त्याच वेळी लुटीतली कुंडले मागून घेऊन, 1700 शेकेल सोन्यातून त्याने जे एफोद (याजकाचे वस्त्र) घडवले, ते त्याच्या घराण्याला पाश झाले. शिलोहून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, रणांगणावर आणला की विजय ठरलेलाच, असे मानणाऱ्या इस्राएलाचे 30,000 पायदळ पडले आणि कोशही शत्रूच्या, म्हणजे पलिष्ट्यांच्या, हाती गेला.

आपल्याकडे हाच प्रकार अभिषेकाच्या तेलाच्या बाटलीपाशी दिसतो. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असे याकोबाच्या पत्रात आहेच. मात्र बाटली अमुक सेवकाच्या हातचीच हवी, ती संपली की घरात धास्ती, आणि प्रार्थना राहिली तरी चालेल पण दाराच्या चौकटीला तेल लागलेच पाहिजे, असे होऊ लागले की विश्वासाची जागा ताइताने घेतली असे समजावे. उशाखाली ठेवलेले आणि कधीच न उघडलेले पवित्र शास्त्र त्याच रांगेतले.

पैशाविषयी पौलाने कलस्सैकरांस लिहिताना आडपडदा ठेवलेला नाही: लोभ ही मूर्तिपूजाच आहे. तरीही मंडळीत हे पाप सर्वांत कमी ओळखले जाते, कारण ते काटकसरीच्या आणि मुलांच्या भवितव्याच्या नावाखाली सहज खपते. दहावी-बारावीच्या वर्षी रविवारच्या क्लाससाठी उपासना वर्षभर बुडते आणि त्याबद्दल घरात कोणाला काही वाटतही नाही, तेव्हा त्या घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे विचारायला हवे.

उपाय करतानाही एक गफलत होते, ती म्हणजे सगळेच मोडून टाकण्याची. सर्प फोडला गेला, पण कोश कोणी फोडला नाही. पुढे दावीदाने तो आनंदाने यरुशलेमेत आणला. तेलाची बाटली फेकता येते. मुले, नोकरी, घर यांना मात्र त्यांच्या जागी परत बसवावे लागते, आणि ते सावकाश, ठरवून करण्याचे काम आहे. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा देवासाठीचा दहावा भाग, आधी बाजूला काढणे, रविवार मोकळा ठेवणे, अशा साध्या गोष्टींपासून सुरुवात केली तर मन कुठे अडकले आहे ते लवकर कळते, कारण जिथे चरफड सर्वांत जास्त होते तिथेच बहुधा गाठ असते.

प्रसादाच्या प्रश्नावर पौलाचे उत्तर आपल्या सवयीपेक्षा अधिक सौम्य आहे. कोणी जेवायला बोलावले तर चौकशी न करता वाढलेले खावे; मात्र हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नये (1 करिंथ 10:27-29). नकार द्यायचाच तर तो हात जोडून द्यावा. यजमानाच्या श्रद्धेवर तिथे प्रवचन देण्याची आज्ञा या वचनांत कुठेही नाही.