कट आरपार जात नाही म्हणून प्रेशर वाढवताय? गॅस कटर चालवताना या चुका टाळा

जळगाव, धुळे, भुसावळ, कुठल्याही एमआयडीसीत जा नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या शेडमध्ये, नवीन पोराची सवय एकच, कट आरपार गेला नाही की प्रेशर वाढवायला हात सरळ रेग्युलेटरकडे. भाऊ, हे अजिबात करू नका. डीए गॅस म्हणजे अ‍ॅसिटिलीन 15 पीएसआय प्रेशरच्या वर, म्हणजे गेजवर साधारण 1 किलोच्या वर न्यायचाच नाही, त्यापुढे तो ऑक्सिजन नसतानाही स्वतःहून स्फोट करू शकतो.

आधी ठिणग्या बघा. खाली पडताहेत तर कट बरोबर चाललाय, वर तुमच्या अंगावर उडताहेत म्हणजे आरपार गेलाच नाही, कटिंग ऑक्सिजनचा लिव्हर सोडा आणि तिथूनच परत गरम करा. कडा उजळ लाल, साधारण 900 डिग्रीला आली नसेल तर लिव्हर दाबून काही होत नाही, आणि गंज नाहीतर पेंट खरवडला नसेल तर गरम व्हायलाच वेळ लागतो. कापलेलं मागे परत चिकटतंय? हात फार हळू चाललाय. नोझलचं भोक बुजलं तर टिप क्लीनर सरळ आतबाहेर करा, कुठलीही तार खुपसून भोक मोठं करू नका. एलपीजीचं नोझल डीएला लावू नका. आणि स्टेनलेस, बीड (ओतीव लोखंड), अ‍ॅल्युमिनियम या कटरने नीट कापलं जात नाही, उगाच गॅस जाळू नका.

फट्ट आवाज होऊन ज्योत विझली तर नोझल प्लेटला टेकलंय, ढिलं आहे किंवा जास्त तापलंय. पण शिट्टीसारखा आवाज येऊन ज्योत आत गेली तर टॉर्चचा, म्हणजे हातातल्या कटरचा, ऑक्सिजन लगेच बंद, मग डीए, मग दोन्ही सिलिंडर, आणि कारण सापडेपर्यंत परत पेटवायचं नाही. दोन्ही लाइनला फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी सिलिंडरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, पाहिजेच, तिथे पैसे वाचवू नका.

ट्रॅक्टरच्या कामात हात ग्रीसने माखलेले असतात, तसेच ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला लावू नका, तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की पेट घेतात. लीक साबणाच्या पाण्याने बघा, काडी पेटवून कधीच नाही. डीएचा सिलिंडर गाडीत आडवा आला असेल तर उभा करून काही तास थांबा, आतलं अ‍ॅसिटोन नावाचं द्रव खाली बसू द्या, नाहीतर ते रेग्युलेटरमध्ये येतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 पर्यंत जातो, सिलिंडर सावलीत साखळीने बांधून ठेवा.

डिझेलची टाकी, ऑइलचा ड्रम रिकामा दिसला तरी कटर लावू नका, आतली वाफ स्फोट करते. कापसाच्या जिनिंगमध्ये काम असेल तर आणखी जपा, ठिणगी 10 मीटरपर्यंत जाते आणि कापूस आतल्या आत धुमसत राहतो, धूरसुद्धा उशिरा दिसतो, म्हणून कटिंग झाल्यावर किमान अर्धा तास एक माणूस पाणी आणि एक्स्टिंग्विशर घेऊन तिथेच थांबवा, मालक कितीही घाई करत असला तरी.