स्वस्त एसएसडी बसवण्याआधीची तयारी

लॅपटॉप जुना झाला, सुरू व्हायला मिनिटं लागतात, म्हणून लगेच नवा घेऊ नका; आधी आतली हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवून बघा. मात्र ऑर्डर देण्यापूर्वी मॉडेल नंबरवरून आत कुठली जागा आहे ते शोधा. जुन्या मशीनमध्ये बहुधा अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) डिस्क असते. एम.२ची, म्हणजे बारीक पट्टीसारख्या एसएसडीची, खाच असेल तर ती साटाची की एनव्हीएमईची (त्याहून वेगवान पद्धतीची) हे पक्कं कळल्याशिवाय पैसे भरू नका, दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच असतात. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे तिथे बजेटमधली एसएसडी पुरते. ५०० जीबी, टीएलसी (एसएसडीतल्या चिपचा प्रकार), तीन वर्षांची वॉरंटी एवढं बघा. अनोळखी नावाची, कवडीमोलाने मिळणारी २ टीबी अजिबात नको.

खरा वेळ द्यायचा तो बॅकअपला. फोटो आणि कागदपत्रं सगळ्यांच्या लक्षात असतात, फाँट राहून जातात. घरात श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप केलेल्या जुन्या फाइली असतील तर ते फाँटही कॉपी करून घ्या, नाहीतर नव्या विंडोजमध्ये आजोबांच्या आठवणींच्या जागी नुसती चिन्हं दिसतील. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

आहे तसंच सगळं हवं असेल तर क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवा. त्यासाठी यूएसबी-साटा केबल लागते. मला विचाराल तर कोरं इन्स्टॉलेशनच, म्हणजे विंडोज नव्याने टाकणंच, चांगलं; त्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह आधीच तयार ठेवा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घाला.

बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर हवा. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी सेलोटेपने चिकटवा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला की वरचं प्लास्टिक फुगतं. रबरी पायांखालीही स्क्रू दडलेले असतात. झाकण निघालं की सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा.

जुनी डिस्क महिनाभर तरी फॉरमॅट करू नका.