निवड म्हणजे गुणवत्ता यादी नव्हे : अमेरिकेतील ज्युनिअर आइस हॉकीपटू पारखताना

अमेरिकेचा वीस वर्षांखालील आइस हॉकी संघ दरवर्षी नाताळाच्या तोंडावर जाहीर होतो आणि २६ डिसेंबरच्या सुमारास त्याची जागतिक स्पर्धा सुरू होते. बाहेरून पाहणाऱ्याला ही निवड महिना-पंधरा दिवसांची वाटते. प्रत्यक्षात तिची सुरुवात ही मुले पंधरा वर्षांची असतानाच झालेली असते आणि मधल्या चार-पाच वर्षांत त्यांच्याविषयी नोंदी करणाऱ्या माणसांची एक मोठी उतरंड उभी असते. त्या उतरंडीच्या अगदी तळाशी मी काही वर्षे काम करीत आहे. संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याहून मिशिगनला आलो, तेथे एका क्लबच्या सामन्यांच्या व्हिडिओंवर नोंदी करण्याचे काम मिळाले आणि त्यातूनच पुढे रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, जाऊन मुले पारखण्याकडे वळलो. क्रीडा व्यवस्थापन किंवा डेटा विश्लेषण शिकायला येणारे मराठी विद्यार्थी अलीकडे या कामाविषयी चौकशी करतात. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

प्रथम रचना समजून घ्यावी. यूएसए हॉकी या राष्ट्रीय संघटनेने देशाचे बारा विभाग केलेले आहेत. पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलांची विभागीय चाचण्यांतून राष्ट्रीय शिबिरांसाठी निवड होते. याला समांतर असा १९९६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय संघ विकास कार्यक्रम आहे, जो आधी अ‍ॅन आर्बर येथे होता आणि २०१५ पासून मिशिगनमधीलच प्लिमथ येथे चालतो. त्याच्या मूल्यमापन शिबिरासाठी दर वसंत ऋतूत देशभरातून सुमारे चाळीस मुले बोलावली जातात, आणि त्यांतील निम्मी निवडली जाऊन पुढची दोन वर्षे एकत्र राहतात, शिकतात आणि खेळतात. उरलेली मुले संपली असे मात्र मुळीच नसते. ती यूएसएचएल या अमेरिकी ज्युनिअर लीगमध्ये, मिनेसोटातील शाळांच्या संघांत किंवा कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये खेळत राहतात आणि त्यांतील कित्येक जण एकोणिसाव्या वर्षी राष्ट्रीय संघाच्या शिबिरात परततात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने नियम बदलला आणि ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधील खेळाडूंनाही महाविद्यालयीन हॉकीचे दार उघडले. त्यामुळे कोणता मुलगा कोठे खेळेल याचे जुने आडाखे आता चालत नाहीत, आणि नवख्या माणसाला ही एका परीने चांगलीच संधी आहे, कारण अनुभवी मंडळींनाही नकाशा नव्याने पाठ करावा लागत आहे.

आता मुद्द्याचे. आपल्याकडे क्रिकेटच्या निवडीवर वाद घालत मोठे झालेल्या माणसाला वाटते की सर्वाधिक गुणवान वीस-बावीस मुले क्रमाने मांडली की संघ तयार होतो. आइस हॉकीत ही समजूत पहिल्या हिवाळ्यातच सोडावी लागते. एका शिफ्टमध्ये, म्हणजे एका पाळीत, खेळाडू साधारण पाऊण मिनिट बर्फावर असतो, मग दुसरी फळी येते. चार फळ्यांना चार वेगळी कामे असतात, शिवाय प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा भोगत असताना चढाई कोण करणार आणि आपलाच खेळाडू बाहेर असताना ती दोन मिनिटे कोण तारून नेणार, हे आधीच ठरलेले लागते. गोल करणारे बारा जण घेतले तर त्यांतील सहा जणांना गोल करण्याची वेळच मिळत नाही. म्हणून निवड करणारे जागा भरतात, गुणवत्ता यादी लावीत नाहीत.

२०१७ च्या संघाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. अ‍ॅलेक्स डेब्रिंकॅट त्या हंगामात ओंटारिओ हॉकी लीग या कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये एरी संघाकडून खेळत होता आणि हंगामअखेर त्याच्या नावावर ६५ गोल होते, तरीही जागतिक स्पर्धेच्या अमेरिकी संघात तो नव्हता. या वगळण्यावर भरपूर टीका झाली. ट्रॉय टेरी मात्र त्या संघात होता. एनएचएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी तरुण खेळाडूंवर क्रमाने हक्क सांगण्याच्या प्रक्रियेत, त्याची निवड पाचव्या फेरीत झाली होती. रशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरी सुटावी म्हणून एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर एकट्याने घेतलेल्या प्रयत्नांत, त्याने तीन गोल केले आणि माँट्रिअलच्या अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्धच्या शूटआउटमधील एकमेव गोलही त्याचाच होता. यावरून डेब्रिंकॅटला वगळणे योग्य होते असे सिद्ध होत नाही. सुवर्णपदक मिळाले की निवड समितीचा प्रत्येक निर्णय दूरदृष्टीचा ठरवण्याची घाई मला पटत नाही. सिद्ध एवढेच होते की ज्याचे नाव यादीत बरेच खाली होते, त्याच्याकडे संघाला नेमके हवे असलेले एक कौशल्य होते आणि कोणीतरी ते वेळीच हेरले होते.

हे हेरायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. पहिल्या दिवसांत आपले डोळे पकमागे, म्हणजे चेंडूऐवजी वापरल्या जाणाऱ्या रबरी चकतीमागे, धावतात, आणि पक ज्याच्याकडे आहे त्याला पाहणे म्हणजे सामना पाहणे. मुले पाहणे नव्हे. सामन्यातील बहुतांश वेळ खेळाडूकडे पक नसतोच. म्हणून एक खेळाडू निवडावा आणि त्याची पूर्ण शिफ्ट, बेंचवरून उतरल्यापासून परत बसेपर्यंत, केवळ त्याच्यावर नजर ठेवून पाहावी. समजा तो डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, आहे. प्रतिस्पर्ध्याने पक त्याच्या मागे कोपऱ्यात ढकलला आहे आणि त्याला पाठमोरे होऊन तो आणायला जायचे आहे; मागून एक दणकट फॉरवर्ड (आक्रमक खेळाडू) वेगाने येत आहे. येथे पाहायचे ते हे, की पकपर्यंत पोहोचण्याआधी त्याने खांद्यावरून मागे किती वेळा आणि केव्हा पाहिले. चांगला मुलगा वळतानाच एकदा पाहतो, पक हाताशी येण्याच्या बेतात असताना पुन्हा पाहतो, आणि स्टिक पकला लागते तेव्हा पुढचा पास त्याच्या मनात ठरलेला असतो. त्यामुळे तो धक्का चुकवून जोडीदाराकडे सरळ, सपाट पास देतो आणि प्रेक्षकांतून कोणी टाळीही वाजवत नाही. दुसरा, कदाचित अधिक वेगवान मुलगा न पाहताच जातो, पक मिळवतो, मग पाहतो, आणि तेवढ्यात बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, आदळतो. दोघांच्याही नावापुढे आकडेवारीत शून्यच लागते. पहिल्याविषयी एक ओळ लिहिण्यासाठी रात्री बर्फातून दोन तास गाडी चालवणे सार्थकी लागते, असे माझे मत आहे.

स्केटिंगविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण नवखे लोक सरळ रेषेतल्या वेगावर भाळतात. सरळ वेग उपयोगी असतोच, पण पहिली तीन पावले, वळताना कमी न होणारी गती आणि मागे सरकत असताना समोरच्या खेळाडूपासून राखलेले अंतर यांवर त्याहून अधिक अवलंबून असते. उंचीच्या बाबतीत तर अमेरिकी हॉकीने स्वतःचेच जुने ग्रह अनेकदा खोटे पाडले आहेत. जॉनी गॉड्रो देहाने लहान होता, २०११ च्या ड्राफ्टमध्ये १०४ वा निवडला गेला, आणि २०१३ मध्ये रशियातील उफा येथील जागतिक ज्युनिअर स्पर्धेत सात गोल करून सर्वाधिक गोल करणारा ठरला. अमेरिकेने तेव्हा सुवर्णपदक मिळवले. लहान मुलाकडे पाहताना विचारायचा प्रश्न हा, की तो गर्दीत शिरून पकसह बाहेर येतो की गर्दीच्या कडेने फिरतो.

वयाचा हिशेब मात्र काटेकोरपणे ठेवावा, आणि येथे दोन कॅलेंडरे एकदम चालतात. जागतिक ज्युनिअर स्पर्धेत जन्मवर्ष धरले जाते. २०२५ च्या स्पर्धेसाठी २००५ किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू पात्र होते. एनएचएलच्या ड्राफ्टची सीमा मात्र १५ सप्टेंबर आहे. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांच्या फरकामुळे २०१५ चा ड्राफ्ट त्याला मिळाला नाही आणि २०१६ मध्ये तो पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. पंधराव्या वर्षी जानेवारीतला मुलगा आणि नोव्हेंबरातला मुलगा एकाच गटात खेळतात, पण त्यांच्या शरीरांत जवळजवळ वर्षाचे अंतर असते. जानेवारीतला मुलगा इतरांना ढकलून गोल करीत असेल, तर ढकलण्याची सोय संपल्यावर त्याच्याकडे काय उरेल याचा विचार करावा. माझ्या नोंदवहीत प्रत्येक नावाशेजारी जन्ममहिना असतो आणि तो पाहिल्याशिवाय मी गुणांकन करीत नाही.

आकडेवारी माझे मूळ क्षेत्र असूनही ती मी सामन्यानंतरच उघडतो. शालेय हॉकीतील गोल, यूएसएचएलमधील गोल आणि महाविद्यालयातील गोल यांची किंमत सारखी नसते. महाविद्यालयात अठरा वर्षांचा मुलगा बावीस-तेवीस वर्षांच्या बाप्यांशी झुंजतो, तेथे त्याचे आठ गोल शाळेतल्या चाळिसांपेक्षा जड असू शकतात. शाळेच्या संघातला सर्वोत्तम खेळाडू निम्मा सामना बर्फावर असतो, त्यामुळे त्याची दमल्यानंतरची शिफ्ट मुद्दाम पाहावी. गोलरक्षकांबद्दल मी फार बोलत नाही. त्यांची पारख ज्याने स्वतः तेथे उभे राहून पक अंगावर घेतले आहेत त्याच्यावर सोपवावी. एवढेच लक्षात ठेवावे की संघात तीन गोलरक्षक घेतले जातात, मुख्य भार एकावर असतो, आणि तिसरा निवडताना न खेळता दोन आठवडे आनंदाने सराव करणारा मुलगा शोधावा लागतो.

अहवाल लिहिण्याची शिस्त स्वतंत्रपणे शिकावी लागते. ‘चांगली दृष्टी, उत्तम हात, मेहनती’ असे अहवाल कपाटेच्या कपाटे भरतील इतके आहेत आणि त्यांचा कोणालाही उपयोग नाही. ‘दुसऱ्या सत्रात तिन्ही वेळा डाव्या बोर्डवर पास घेताना पक थांबवला, एकदाही चालू गतीत घेतला नाही’ हे वाक्य प्रशिक्षकाला काहीतरी सांगते. मुलाला किमान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या सामन्यांत, एकदा संघ जिंकत असताना आणि एकदा चार गोलांनी मागे असताना, पाहिल्याशिवाय ठाम मत देऊ नये. बर्फावरून परतताना तो बेंचवर काय करतो, हेही त्यातच येते. आणि आपण ज्याची शिफारस केली तो वगळला गेला तर हळहळ वाटणारच. अंतिम निर्णय सरव्यवस्थापक आणि मुख्य प्रशिक्षक घेतात, कधी एखादा एनएचएल संघ आपल्या खेळाडूला सोडतच नाही, आणि डिसेंबरच्या शिबिरात एखाद्याच्या दुखापतीमुळे सगळे गणित बदलते.

शिरकाव कसा करावा, तर गावातल्या क्लबच्या चाचण्यांपासून. तेथे क्रमांकाचे बनियन घातलेली मुले आणि गुण देणारे स्वयंसेवक असतात. स्वयंसेवक नेहमीच कमी पडतात. अल्पवयीन मुलांशी संबंध येत असल्याने पार्श्वभूमीची पडताळणी आणि खेळाडूंचे गैरवर्तनापासून संरक्षण कसे करावे याचे सेफस्पोर्ट प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, आणि कोणत्याही मुलाला परस्पर संदेश पाठवणे पूर्णपणे टाळावे. पालक आणि प्रशिक्षक यांच्यामार्फतच बोलावे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी मानधन घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावे, कारण परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर मोबदला घेतल्यास व्हिसाच अडचणीत येतो. सुरुवातीला पैसे मिळाले तरी ते पेट्रोलच्या आसपास असतात. मोजे मात्र दोन जोड्या घालावेत, कारण रिंकच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, सत्रापर्यंत पाय बधिर होतात, आणि सामन्याचा निकाल बहुधा तेव्हाच ठरत असतो.