लहान गाडीसाठी टायर आणि रिम कशी निवडावी: आकडे वाचण्यापासून ऑफसेट मोजण्यापर्यंत

टायर बदलायला दुकानात गेलेल्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला असा असतो: एक साइज वाढवून घ्या, अलॉय टाका, गाडी रस्त्याला धरून चालेल. हा सल्ला देणारा बहुतेक वेळा टायरच्या कडेवरचे आकडे पाहून बोलतो. रिमच्या पाठीमागे कोरलेले आकडे तो पाहत नाही, आणि पुढे होणारा त्रास बहुधा त्या न पाहिलेल्या आकड्यांतूनच येतो. खालील उदाहरणांसाठी मी २०१८ ते २०२४ या काळात भारतात विकली गेलेली मारुती सुझुकी स्विफ्ट घेतली आहे, कारण या एकाच गाडीला कंपनीने दोन वेगळे आकार दिले होते: खालच्या व्हेरिएंटना १६५/८० आर १४ आणि वरच्या व्हेरिएंटना १८५/६५ आर १५. हे दोन आकार शेजारी ठेवले की टायरचे निम्मे गणित समजते.

१. टायरवरचा आकार वाचा

१८५/६५ आर १५ मधला १८५ हा आकडा म्हणजे हवा भरलेल्या टायरची मिलिमीटरमधील रुंदी; ही रुंदी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची असते, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीची नव्हे. ६५ हे मिलिमीटर नाहीत, तर टायरच्या कडेची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगणारा हा आकडा आहे. म्हणून १८५/६५ मध्ये कड सुमारे १२० मिमी उंच असते, तर २०५/६५ मध्ये तेच ६५ असूनही ती १३३ मिमी होते. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास.

२. एकूण व्यास काढा

रिमचा व्यास २५.४ ने गुणून मिलिमीटरमध्ये आणावा आणि त्यात कडेच्या उंचीची दुप्पट मिळवावी. १६५/८० आर १४ चा व्यास ६१९.६ मिमी येतो आणि १८५/६५ आर १५ चा ६२१.५ मिमी. रिम एक इंचाने वाढली, टायर २० मिमीने रुंद झाला, तरी चाकाची एकूण उंची दोन मिलिमीटरही वाढली नाही. आकार वाढवणे म्हणजे काय, याचे उत्तर कंपनीने स्वतःच असे दिलेले आहे: रिम मोठी करायची तर टायरची कड तेवढी बुटकी झाली पाहिजे. वरच्या व्हेरिएंटच्या डिकीत १४ इंची लोखंडी स्टेपनी दिसली म्हणून पुष्कळ जण गोंधळतात, पण व्यास जवळजवळ सारखा असल्यामुळेच ती तिथे चालते.

आता दुकानात सुचवला जाणारा १९५/६५ आर १५ घ्या. त्याचा व्यास ६३४.५ मिमी, म्हणजे मूळ टायरपेक्षा १३ मिमी जास्त, सुमारे दोन टक्के. मीटरवर १०० दिसत असताना गाडी मूळ टायरच्या हिशेबापेक्षा ताशी दोन किलोमीटर जास्त वेगाने पळत असेल, पिकअप थोडा मंदावेल आणि मडगार्डाच्या आतली मोकळी जागा साडेसहा मिमीने कमी होईल. तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो असे सांगणारे पुष्कळ आहेत. लहान गाडीच्या चाकाच्या खोबणीत मुळातच जागा कमी असते, म्हणून मी दोन टक्क्यांपुढे जाऊ नये असे ठामपणे सांगतो, आणि एक टक्क्याच्या आत राहिल्यास उत्तम. १९५/६० आर १५ (६१५ मिमी) किंवा १९५/५५ आर १६ (सुमारे ६२१ मिमी) हे आकार या कसोटीवर उतरतात.

तरीही १६ इंचांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. १४ इंची रिमवर खड्डा आणि रिम यांच्यामध्ये १३२ मिमीची कड असते, १५ इंचीवर १२० आणि १६ इंचीवर १०७. पावसाळ्यात पाण्याने भरलेले खड्डे दिसत नाहीत अशा रस्त्यांवर जी गाडी रोज चालते, तिला ही कमी झालेली कड महाग पडते: रिम वाकते किंवा टायरच्या कडेला फुगवटा येतो, आणि कडेला फुगलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकावाच लागतो. शिवाय मोठी अलॉय रिम हलकी असते हा समज सरसकट खरा नाही; १६ इंची अलॉय आणि तिचा टायर मिळून १४ इंची लोखंडी चाकापेक्षा जड असू शकतात. कोकणात किंवा ग्रामीण भागात गाडी नेणाऱ्याने १५ इंचांवर थांबावे. १७ इंचांचा विचार या वर्गातल्या गाडीसाठी करूच नये.

रुंदीबद्दलही एक गैरसमज आहे. रुंद टायरमुळे कोरड्या रस्त्यावर वळणात पकड वाढू शकते, पण साचलेल्या पाण्यावर तोच टायर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगू लागतो, स्टिअरिंग जड होते आणि मायलेजही थोडे घटते. मूळ रुंदीपेक्षा १० मिमी जास्त, एवढी मर्यादा मी योग्य मानतो.

३. भार, वेग आणि तारीख पाहा

आकारापुढे येणारे ‘८८ एच’ असे अक्षर-अंक भार आणि वेग सांगतात: ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०, टी म्हणजे ताशी १९० किमी, एच म्हणजे २१०. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये आपल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यापेक्षा कमी भाराचा टायर कधीही घेऊ नये. कडेवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या मजकुराच्या शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. टायर गोटा व्हायची वाट पाहू नये. नक्षीच्या खाचांमधल्या खुणेच्या पातळीला, म्हणजे १.६ मिमीला, ती घासली की तो बदलायचा.

४. रिम गाडीला बसते का ते तपासा

चार बोल्टच्या रिमवर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर म्हणजे पीसीडी. स्विफ्टचा पीसीडी ४×१०० आहे, म्हणजे चार बोल्ट आणि १०० मिमी अंतर. जुन्या फियाट पालिओचा तो ४×९८ होता आणि दोन मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. नट तिरपे होऊन बसतातही, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. पाच बोल्टच्या रिमवर हे अंतर समोरासमोर मोजता येत नाही, तेव्हा कोरलेल्या आकड्यावरच विसंबावे. जुन्या फोक्सवॅगन पोलोचा पीसीडी ५×१०० होता.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे गाडीच्या ज्या मधल्या भागावर रिम बसते त्याचा, व्यास ५४.१ मिमी आहे, होंडाच्या बहुतेक लहान गाड्यांचा ५६.१. बाहेरून विकत घेतलेल्या अलॉयचे भोक मुद्दाम मोठे ठेवलेले असते, म्हणजे ती अनेक गाड्यांना विकता येते. मधली फट भरायला योग्य मापाची हब रिंग घालावी लागते. ती नसेल तर रिम केवळ नटांच्या आधारावर मध्यभागी येते, आणि बॅलन्सिंग कितीही चांगले केले तरी ताशी ८० ते १०० किमीच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरत राहते. हब रिंगची किंमत फार नसते. ‘गरज नाही’ असे सांगणाऱ्या दुकानदाराकडून रिम घेऊ नये.

तिसरी गोष्ट नटांची. स्विफ्टचे आटे १२×१.२५ चे (बोल्टचा व्यास १२ मिमी, दोन आट्यांतले अंतर १.२५ मिमी) आहेत, होंडा, टोयोटा आणि ह्युंदाई यांच्या लहान गाड्यांचे १२×१.५ चे. त्याखेरीज नटाची रिमवर टेकणारी बाजू शंकूसारखी आहे की गोलाकार, हेही जुळले पाहिजे. होंडाच्या मूळ रिमवर ती गोलाकार असते. तिथे शंकूचे नट लावले तर ते फक्त एका कडेवर टेकतात आणि सैल होतात.

५. ऑफसेट मोजा

हा टप्पा मला सर्वांत जड गेला होता आणि कागदावर चाकाचा आडवा छेद काढेपर्यंत तो नीट उमगला नव्हता. दुकानांत याविषयी सर्वांत कमी बोलले जाते, म्हणून इथे घाई करू नये.

रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक रेषा काढली आणि रिमचा हबला टेकणारा सपाट भाग या रेषेपासून किती दूर आहे ते मोजले, तर ते अंतर म्हणजे ऑफसेट. तो रिमच्या पाठीमागे ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. आजच्या लहान गाड्यांत टेकणारा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला असतो. म्हणून आकडा जितका मोठा तितके चाक गाडीच्या आत, शॉकॲब्सॉर्बरकडे सरकते, आणि आकडा जितका लहान तितके ते मडगार्डाबाहेर येते. एवढे एक वाक्य पक्के लक्षात राहिले तरी निम्मी फसवणूक टळते.

आता हिशेब. हबपासून आतल्या बाजूला टायर किती जातो ते काढायला टायरच्या रुंदीचा अर्धा आणि ऑफसेट यांची बेरीज करावी. बाहेरच्या बाजूसाठी त्याच अर्ध्यातून ऑफसेट वजा करावा. समजा आपल्या गाडीवर १८५ चा टायर आणि ४५ ऑफसेटची रिम आहे. टायर आत १३७.५ मिमी आणि बाहेर ४७.५ मिमी जातो. आता १९५ चा टायर त्याच ४५ ऑफसेटच्या रिमवर बसवला तर आत १४२.५ आणि बाहेर ५२.५, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी वाढ. ऑफसेट ४० घेतला तर आत पुन्हा १३७.५ येतात आणि वाढलेले सगळे १० मिमी बाहेर जातात. शॉकॲब्सॉर्बरजवळची जागा जशीच्या तशी राहते. आणि दुकानाच्या काचेत मांडलेली ‘डीप’ दिसणारी २५ ऑफसेटची रिम घेतली, तर चाक आतून १५ मिमी मागे हटते आणि बाहेर २५ मिमी येते. अशी गाडी उभी असताना भारदस्त दिसते, पण मागे तिघे बसले आणि गाडी गतिरोधकावरून उतरली की मडगार्डाची कड टायर कापू लागते.

बाहेर सरकलेल्या चाकाचे नुकसान घासण्यापुरते मर्यादित नाही. चाकाचे बेअरिंग एका ठरावीक जागी येणाऱ्या भारासाठी बनवलेले असते. भार बाहेर गेला की त्याच्यावरचा ताण वाढतो आणि ते लवकर आवाज करू लागते. पुढच्या चाकांची रस्त्याला टेकण्याची जागा स्टिअरिंगच्या फिरण्याच्या अक्षापासून दूर जाते, त्यामुळे एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले किंवा एकाच बाजूला ब्रेक जास्त लागला की स्टिअरिंग हातातून ओढले जाते. घाटात ओल्या वळणावर ही ओढ मला अजिबात नको असते. मूळ ऑफसेटपेक्षा पाच मिमी कमी, फार तर दहा, याच्या पलीकडची रिम कितीही स्वस्त किंवा सुंदर असली तरी नाकारावी.

ऑफसेट जास्त निघाला तर मधे स्पेसर, म्हणजे जाड चकती, घालून चाक बाहेर घेण्याचा उपाय सुचवला जातो. तो घेऊ नये. स्पेसरमुळे नटांना आट्यांवर मिळणारी पकड कमी होते आणि हबचा आधारही सुटू शकतो. रिम चुकीची आहे एवढाच त्याचा अर्थ आहे, दुसरी पाहावी.

गाडीत किती जागा आहे हे घरीच मोजता येते. चाक सरळ ठेवून टायरची आतली कड आणि शॉकॲब्सॉर्बर यांच्यातली फट पट्टीने मोजावी. बाहेरच्या बाजूसाठी मडगार्डाच्या कडेवरून ओळंबा सोडून टायरच्या सर्वांत फुगीर भागापर्यंतचे अंतर घ्यावे. वरच्या हिशेबात आलेली वाढ या मापांतून वजा केल्यावर आत किमान पाच मिमी उरले पाहिजेत. एकाच आकाराचे टायरही कंपनीगणिक काही मिलिमीटर कमी-जास्त रुंद निघतात, म्हणून एवढी शिल्लक ठेवायचीच.

रिमची रुंदीही टायरला साजेशी हवी. १८५/६५ आर १५ साठी ५ ते ६.५ इंच आणि १९५/५५ आर १६ साठी ५.५ ते ७ इंच रुंद रिम चालते. टोकांपेक्षा मधला आकडा निवडावा.

६. एक चाक बसवून पाहा

पैसे देण्यापूर्वी टायर चढवलेले एक चाक पुढे लावून गाडी जमिनीवर उतरवावी, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, मग तेच चाक मागे लावून मागच्या सीटवर तीन मोठी माणसे बसवून फट पाहावी. या चाचणीला नकार देणारे दुकान सोडून द्यावे. रिमवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानी मानकांच्या खुणा ओतीव अक्षरांत असाव्यात, चिकटवलेल्या नसाव्यात. कंपनीची नसलेली अलॉय विमा कंपनीला कळवावी, नाहीतर दाव्याच्या वेळी तिची भरपाई मिळणे कठीण होते.

७. बसवणे

नवीन व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. नट हाताने काही आटे फिरवूनच पान्ह्याला द्यावेत आणि समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला टॉर्क रेंचने आवळावेत. हवेच्या बंदुकीने शेवटपर्यंत आवळू देऊ नयेत. साधारण १०० किमी गाडी चालल्यावर ते पुन्हा तपासावेत. अलॉयसोबत वेगळे नट मिळाले असतील तर जुने चार नट पिशवीत घालून स्टेपनीजवळ ठेवावेत, कारण लोखंडी स्टेपनीला तेच लागतील.