दलालाशिवाय घर विकताना: आधी कागद, मग गिऱ्हाईक

आमचं अमळनेरचं घर विकायला चौदा महिने लागले. त्यातले गिऱ्हाईक शोधण्यात गेले जेमतेम दोन. बाकीचा सगळा काळ कागद सरळ करण्यात गेला, आणि दलाल घेतला असता तरी तो काळ वाचला नसता, कारण अडलेल्या सह्या घरातल्याच होत्या. दलाली साधारण एक ते दोन टक्के असते आणि बहुतेक वेळा दोन्हीकडून मागतात. 40 लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे 80 हजार. हे पैसे वाचवायचे असतील तर खालच्या क्रमाने चला, आणि पहिली पायरी पूर्ण झाल्याशिवाय दारावर पाटी लावू नका.

पहिली पायरी: घर नक्की कोणाच्या नावावर आहे?

सिटी सर्व्हेच्या हद्दीत घर असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. गट नंबरमधल्या प्लॉटवर असेल तर सातबारा, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा लागतो. गावठाणातल्या धाब्याच्या घरासाठी लोक ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुढे करतात, पण तो कर आकारणीचा उतारा आहे, त्याने एकट्याने मालकी सिद्ध होत नाही. गावात स्वामित्व योजनेची (गावठाणातल्या घरांची सरकारी ड्रोन मोजणी) मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मिळते का ते आधी बघा. सोबत जुनं खरेदीखत, बांधकाम परवानगी, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या आणि वीजबिल एका फाईलला लावा.

उताऱ्यावर वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल तर वारसनोंद करून घ्या. इथेच बहिणींचा विषय येतो. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात, मृत्युपत्र नसेल तर, आई, मुलगे आणि मुली सारख्याच वारस असतात. तरी आपल्याकडे अजून ‘बहिणी कुठे काय मागतात’ असं धरून सौदा करतात आणि ऐन नोंदणीच्या दिवशी गाडं अडतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. त्या दिवसांत तिच्यापुढे हक्कसोडीचा, म्हणजे वाटा सोडल्याचा, कागद सरकवू नका. आधी फोन करा, घर किती किमतीला जाईल आणि तिचा वाटा किती होईल ते स्पष्ट सांगा. तिला वाटा घ्यायचा असेल तर हक्कसोड कशाला? ती खरेदीखतावर विकणार म्हणून सही करते आणि तिची रक्कम थेट तिच्या खात्यात जाते. आम्ही शेवटी हेच केलं. आधी केलं असतं तर सात-आठ महिने वाचले असते आणि मनंही दुखावली नसती.

बहीण सुरतेला असेल आणि येऊ शकत नसेल तर तिथल्या नोंदणी कार्यालयातून मुखत्यारपत्र करून घेता येतं. पण ती दोन दिवस येऊन सही करून गेली तर जास्त चांगलं. मुखत्यारपत्र म्हटलं की घेणाऱ्याचा वकील दहा प्रश्न विचारतो.

उताऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, दिसतो का बघा. कर्ज फिटूनही बोजा तसाच राहिलेला असतो. निल दाखला (कर्ज बाकी नसल्याचा) घ्या आणि बोजा कमी केल्याची नोंद करून घ्या. बँकेने कर्ज फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे.

नंदुरबार, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल भागात एक गोष्ट विसरू नका. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही. भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली, जमीन असेल तरीही परवानगी लागते. अशा वेळी आधी वकील गाठा. तसाही एक वकील लागतोच, आणि त्याची फी दलालीपेक्षा बरीच कमी असते.

दुसरी पायरी: भाव

सरकारी बाजारमूल्य (रेडी रेकनरचा दर) हा पाया आहे, बाजारभाव वेगळा. खरा अंदाज शेजारच्या व्यवहारांवरून येतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आपल्या भागातल्या खरेदीखतांची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघता येते. त्यात क्षेत्र चौरस मीटरमध्ये असेल तर 10.76 ने गुणा, म्हणजे चौरस फूट मिळतील. तीन-चार व्यवहार बघा, आपल्या बांधकामाचं वय धरा आणि मनात दोन आकडे ठरवा: सांगायचा आणि थांबायचा. ‘भाऊ, आखरी कितलामा?’ (शेवटचा भाव किती?) हा प्रश्न घर बघायच्या आधीच येतो. घर दाखवल्याशिवाय थांबायचा आकडा सांगू नका.

तिसरी पायरी: गिऱ्हाईक

फाटकावर ‘घर विकणे आहे, मालकाशी थेट संपर्क’ अशी पाटी लावा. दलालांचेही फोन येतील, त्यांना पहिल्याच वाक्यात ‘दलाली देणार नाही’ सांगा. शिक्षकांचे, सोसायटीचे, गावकीचे व्हॉट्सअ‍ॅप गट इथे फार कामाचे. भुसावळकडे घर असेल तर रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होणाऱ्यांपर्यंत निरोप पोचवा. निवृत्तीचा पैसा हातात आला की हे लोक तयार घर शोधतात. शेतकरी गिऱ्हाईक असेल तर कापूस विकला गेल्यानंतरचे महिने बरे.

मे महिन्यात घर दाखवायचं असेल तर सकाळी नऊच्या आत. दुपारच्या उन्हात चांगलं घरही भट्टी वाटतं. पाण्याचं मात्र खरं सांगा: नळ किती दिवसांआड येतो, बोअर किती फूट आहे, मेमध्ये ती आटते का. खानदेशात घर घेणारा खोल्यांआधी पाणी विचारतो, आणि खोटं बोललात तर शेजारी खरं सांगतातच.

चौथी पायरी: सौदापावती आणि पैसे

भाव जमला की तोंडी शब्दावर थांबू नका. वकिलाकडून साठेखत किंवा सौदापावती (विक्री ठरल्याचा करार) लिहून घ्या: पूर्ण रक्कम, विसार (आगाऊ रक्कम), खरेदीखताची शेवटची तारीख, मुद्रांक कोणी भरायचा (रीतीप्रमाणे घेणारा), ताबा कधी, सौदा मोडला तर विसाराचं काय. पंखे, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी, बोअरची मोटर घरासोबत जाणार का, तेही लिहा. आमच्याकडे एका मोटरवरून दोन दिवस बोलणं बंद होतं.

‘अर्धे नगद देतो, कागदावर कमी दाखवू’ असं कोणीतरी नक्की म्हणेल. नकार द्या. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर, तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. सरकारी मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरकाने किंमत कमी दाखवली तर आयकर सरकारी मूल्यावरच मोजतात. विसार आणि बाकी रक्कम दोन्ही बँकेतूनच घ्या. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस (तुमच्या नावाने आधीच भरायचा आयकर) कापतो. त्याचा दाखला मागून घ्या.

घेणाऱ्याचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हरकत असेल तर ती आताच समोर आलेली बरी.

पाचवी पायरी: नोंदणी

जळगाव किंवा धुळे महानगरपालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के आणि नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त 30 हजार. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात सगळे विकणारे, घेणारा, दोन साक्षीदार, आधार आणि पॅन हवेत. माहिती आधी ऑनलाइन भरून वेळ घेतलेली बरी. उरलेली रक्कम खात्यात जमा झाल्याचं बँकेत विचारून खात्री करा, मगच अंगठा लावा. घेणाऱ्याचं कर्ज असेल तर बँकेचा डिमांड ड्राफ्ट हातात आल्यावर.

विक्रीतून नफा झाला असेल तर कराचा हिशेब सीएकडून आधीच करून घ्या. दोन वर्षांहून जुन्या घराचा नफा दीर्घकालीन धरतात. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सवलत मिळते.

किल्ली देण्याआधी वीजमीटरचं रीडिंग फोटोत घ्या. नोंदणीनंतर घरपट्टीवरचं नाव बदललं की नाही, महिन्याभराने जाऊन बघा, नाहीतर थकबाकीची नोटीस तुमच्या नावाने येत राहते. सूची क्रमांक 2 ची एक प्रत आपल्याजवळ ठेवा, आणि एक बहिणीला पाठवा.