जीनोममधला बाहेरून आलेला जीन क्लस्टर पटकन कसा हेरायचा

आपल्याकडं पंचगंगेकाठच्या उसाच्या रानातली माती घेऊन स्यूडोमोनास (मातीतला एक जीवाणू) काढणारे बरेच जण आहेत, जीनोम सीक्वेन्स होऊन येतो आणि मग पाच-सहा हजार जीन्समधले बाहेरून, म्हणजे दुसऱ्या जीवाणूंकडून, आलेले क्लस्टर (एकत्र असलेल्या जीन्सचे गट) कुठले हे शोधण्यात आठवडा जातो. त्यापेक्षा हे करा.

१. प्रोक्कानं (जीन्स शोधून नावं देणारं सॉफ्टवेअर) ॲनोटेट केलेली फाईल आर्टेमिसमध्ये (जीनोम बघायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) उघडा आणि ग्राफ मेनूतून जीसी कंटेंट (डीएनएमधल्या जी आणि सी अक्षरांचं प्रमाण) लावा. विंडो मोठी ठेवा, नाहीतर नुसती करवत दिसते. स्यूडोमोनासचा जीसी साधारण ६० ते ६६ टक्के आणि बाहेरून आलेल्या तुकड्याचा बऱ्याचदा कमी, त्यामुळं ग्राफमध्ये खड्डा पडला की लगेच कळतं.

२. खड्ड्याच्या कडेला टीआरएनए जीन आहे का (बाहेरचे तुकडे बऱ्याचदा तिथंच घुसतात) आणि जवळपास इंटिग्रेज (असा तुकडा जीनोममध्ये घुसवणारं एन्झाइम) आहे का बघा. दोन्ही सापडले तर टीआरएनएच्या शेवटच्या भागाचा सीक्वेन्स कॉपी करून पलीकडच्या टोकाला शोधा, तोच तुकडा परत मिळाला की क्लस्टरच्या दोन्ही हद्दी मिळाल्या, माझ्या मते सगळ्यात भारी पुरावा हाच.

३. मग जवळच्या स्ट्रेनमध्ये (त्याच जीवाणूच्या दुसऱ्या वाणात) क्लस्टरच्या दोन्ही बाजूचे जीन्स ब्लास्ट करा, म्हणजे सीक्वेन्स जुळवून शोधा. तिथं ते एकमेकांना चिकटून असतील आणि मधला भागच नसेल तर काम झालं. (उलटंही होऊ शकतं, त्या स्ट्रेनमधून तो गळालेला असू शकतो, म्हणून दोन-तीन स्ट्रेन घ्या.)

फक्त एक सांभाळा, राइबोसोमल आरएनएचे जीन्सपण स्यूडोमोनासमध्ये असाच खड्डा दाखवतात आणि त्यांच्यात टीआरएनएसुद्धा असतात, ते आधीच बाजूला काढा.